सहलीच्या पाच वह्या

१८ मे, रविवार. सकाळी साडेसात. सिंगापूर, हॉटेलमधली नाश्त्याची खोली. सहलीचा तिसरा दिवस.

हजर: मी, नवरा, मुलगी, वय नऊ, मुलगा, सहा पूर्ण, सासूबाई, अडुसष्ट, म्हणजे पासपोर्टवर. गैरहजर कोणी नाही.

हजेरी अशी मांडायची सवय मला ऑफिसने लावली. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं परीक्षा विभाग बघते. बैठकव्यवस्था, हजेरीपट, सीलबंद पाकिटं, आणि कोणी कॉपी करताना सापडलं तर त्याचे कागद तयार करणं. घरीही माझं तसंच चालतं. कुठल्या डब्यात काय आहे, कोणाचं इंजेक्शन कधी, नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे सगळं कागदावर असतं. त्यामुळे घर चालतं, असं मी लोकांना सांगत आले. त्या रविवारी सकाळी त्या टेबलावर जे झालं ते मात्र मी अजून कागदावर घेतलेलं नव्हतं. आता घेते आहे, कारण त्यावाचून माझं एक साधं काम अडून बसलंय.

सहल ठरली ती डिसेंबरात. आमच्या घरातलं कोणीच त्याआधी देशाबाहेर गेलेलं नव्हतं. नवरा वाळूजला कारखान्यात आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं, पोरांना पोहू दे, खाऊ दे, झोपू दे. माझं म्हणणं, एवढ्या लांब जायचं तर मुलांनी डोक्यात काहीतरी घेऊन यावं. नुसते फोटो कशाला? मग जानेवारीपासून दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या रविवारी नकाशा. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरापासून सुतळी लावून मुलांनी सिंगापूरपर्यंत अंतर मोजलं. दुसऱ्या रविवारी वेळ. हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं, अडीच तास पुढे केलेलं, आणि मुलगा रोज शाळेला निघताना सांगायचा, "तिथली पोरं आत्ता मधल्या सुट्टीत असतील." एकदा वजनकाट्यावर बॅग ठेवून कोणाचे किती कपडे न्यायचे ते मुलांनीच ठरवलं. एका रविवारी त्या देशात चालणाऱ्या चार भाषा आणि प्रत्येकीतला नमस्कार. हे सगळं मी अभिमानाने सांगते आहे, आणि अजूनही मला त्यात चूक दिसत नाही. मुलांना मजा येत होती. सासूबाई शेजारी बसून मटार सोलायच्या आणि ऐकायच्या. चारही भाषांतले नमस्कार सगळ्यात आधी त्यांना पाठ झाले होते.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी वह्या केल्या. पाच वह्या, खाकी कव्हर, वर चिकटपट्टीखाली नाव. आत रोजची दोन पानं आखलेली. एका पानावर आजच्या रस्त्याचा नकाशा. दुसऱ्यावर आज दिसलेल्या पाच पाट्या आणि आज विचारलेला एक प्रश्न. मुलं मोठ्यांकडे बघून शिकतात, त्यामुळे मोठ्यांनाही वही. पहिल्या पानावर नियम, त्यातला चौथा असा: दुसऱ्याची वही लिहायची नाही. रोज सकाळी नाश्त्याला मी वह्या तपासणार.

सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला वही? मी आपली बघीन ना डोळ्यानं."

"आई, सगळ्यांना सारखं. तुम्ही लिहिलंत तर हा लिहील."

त्यांनी वही घेतली, उलटसुलट केली आणि पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली. "बरं बाई," म्हणाल्या.

त्या आमच्याकडे राहायला आल्याला तीन वर्षं झाली. सासरे होते तोवर दोघं वैजापूर तालुक्यातल्या गावी असत. आम्ही दिवाळीला, उन्हाळ्यात चार दिवस जायचो. त्यांचं माहेर मेंढरं वळणाऱ्यांचं. लहानपणी त्या वर्षातले आठ महिने कळपामागे चालत असत, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं म्हणजे काय, तर लग्नानंतर कोणीतरी एकदा सांगितलेलं, एवढंच.

त्या आल्यापासून मी ऑफिसला निघण्याआधी फ्रिजवर चिठ्ठी लावते. भाजी कोणती, कुकरच्या शिट्ट्या किती, पाणी येणार असेल तर पिंप भरणं, धुण्याच्या बाईला पडदे देणं, मुलाची रिक्षा सव्वाबाराला, मुलीची व्हॅन दोनला, दोनची गोळी जेवणानंतर. खाली तारीख. तीन वर्षांत त्या चिठ्ठीतलं एकही काम राहिलं नाही. ऑफिसात बायका सासूच्या तक्रारी करायच्या तेव्हा मी सांगायचे, लेखी द्या, तोंडी सांगितलं की घोळ होतो. दोघीतिघींनी माझं ऐकून आपापल्या फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या.

सिंगापुरातला पहिला दिवस चांगला गेला. संध्याकाळी सगळ्यांनी वह्या भरल्या आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी हिरव्या पेनाने तपासल्या. सासूबाईंच्या वहीत पाच पाट्या होत्या, अक्षर थरथरतं, ओळी खाली उतरलेल्या, पण पाचच्या पाच बरोबर. मी खाली लिहिलं, उत्तम. मुलाला दाखवून म्हणाले, "बघ, आजीनी सगळं लिहिलं. तुझ्या तीनच."

दुसऱ्या दिवशी आम्ही चुकलो. चायनाटाऊनच्या मेट्रो स्टेशनवर पुढची गाडी धरताना नवरा, मी आणि मुलगी आत शिरलो, आणि दार लागलं. काचेपलीकडे सासूबाई आणि त्यांचं बोट धरलेला मुलगा. गाडी निघाली. मुलगी काचेवर हात ठेवून नुसती बघत राहिली.

यासाठीही माझी तयारी होती. प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये मेट्रोचा पास, पाऊचसकट टेकवला तरी चालणारा, आणि एक कार्ड होतं, मराठीत आणि इंग्रजीत. एक, घाबरू नका. दोन, जिथे आहात तिथेच थांबा. तीन, खालचा नंबर कोणालाही दाखवून फोन लावायला सांगा. त्याखाली हॉटेलचं नाव आणि पत्ता. मी नवऱ्याला म्हणाले, "काळजी नको, कार्ड आहे." पुढच्या स्टेशनवर उतरून आम्ही मागे आलो. फलाटावर ते दोघं नव्हते. वर नव्हते. बाहेर नव्हते. फोनही आला नव्हता. स्टेशनातल्या माणसाला मी मुलाच्या शर्टाचा रंग सांगत होते आणि मला तो आठवत नव्हता. सकाळी मीच घातला होता.

पाऊण तासाने आम्ही हॉटेलवर पोचलो, तिथून पोलिसांना कळवावं म्हणून. दोघं पायरीवर बसले होते. मुलगा केळ खात होता. सासूबाईंनी आम्हाला बघितलं आणि एकेकाकडे बोट करून मोजलं, तीन. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी आधी मुलाला जवळ घेतलं. मग मी जे बोलले ते असं: "आई, तिथंच थांबा असं लिहिलं होतं ना कार्डावर? पत्ता वाचून बरोबर आलात, पण वरचं नाही वाचलं. अर्धं वाचून कसं चालेल? नीट वाचायला पाहिजे होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

"असू दे गं," नवरा म्हणाला. "आली ना."

"आले ते कार्डामुळे आले," मी म्हणाले. त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन केला, मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं. कार्डाचा फोटोही टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला जाग आली. मुलगी पलंगावर नव्हती. बाथरूमच्या दाराखालून उजेड दिसत होता. मी दार ढकललं तर ती कमोडच्या झाकणावर मांडी घालून बसलेली, मांडीवर खाकी वही, आणि ती डाव्या हाताने लिहीत होती. माझी मुलगी उजवी आहे. वहीवर नाव सासूबाईंचं होतं.

डाव्या हाताने का, हे कळायला मला वेळ लागला नाही. अक्षर थरथरतं यावं म्हणून. हे माझं रोजचं काम आहे. बाहीवर लिहिलेलं, मोज्यात लपवलेलं, दुसऱ्याच्या नावाने लिहिलेलं, मी सगळं बघितलंय. पण नऊ वर्षांच्या मुलीने, माझ्याच मुलीने, इतका विचार करून केलेली नक्कल मी पहिल्यांदाच बघत होते. मी वही घेतली. तिला एवढंच म्हणाले, "खाली बोलू."

आता सुरुवातीला लिहिलेली हजेरी. साडेसात, पाचही जण टेबलाला. नवऱ्याच्या ताटात इडली, कारण त्याला कुठल्याही देशात इडली सापडते. सासूबाई बशीत ओतून चहा पीत होत्या. मी पाच वह्या मध्ये ठेवल्या.

"आजीची वही कोणी लिहिली?"

मुलीने मान खाली घातली.

"परवाची पण तूच लिहिलीस?"

"हो."

"का?"

तिने टोस्टची बशी पुढे ओढली. मुलगा म्हणाला, "दीदीनी कॉपी केली? दीदीला नापास करणार?"

"गप रे," नवरा म्हणाला. मग मला, "अगं सुट्टीय. वही लिहिली तर लिहिली."

"वहीचा प्रश्न नाही. खोटं करायची सवय लागते ती इथूनच. मी रोज बघते ती मुलं कुठून येतात? अशाच घरांतून येतात, जिथं आईबाप म्हणतात, लिहिली तर लिहिली." मग मुलीला, "आजीला मदत करायची होती तर विचारायचं. चोरून, डाव्या हातानं? आज पक्ष्यांच्या बागेत तू येणार नाहीस. मी आणि तू खोलीवर. कारण सांगितलंस तर विचार करीन."

ती रडली नाही. समोरच्या टोस्टचे तुकडे करत राहिली, बारीक बारीक. कारण तिच्या अगदी ओठांवर होतं, हे मला आता दिसतं. तेव्हा मला फक्त हट्ट दिसला. पक्ष्यांच्या बागेसाठी तिने चार महिने चिमण्या-साळुंक्यांची चित्रं काढली होती.

"सांग ना," मी म्हणाले. "की सांगायला काही नाहीच?"

सासूबाईंनी बशी खाली ठेवली.

"तिला काय बोलू नको," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाय."

मला वाटलं चष्म्याबद्दल म्हणतायत. "चष्मा खोलीवर राहिला का?"

"चष्म्यानं काय व्हतंय बाई. मला लिहिता-वाचता येत नाय. कंदीच येत नव्हतं. सही येती, ती तुमच्या मामंजींनी गिरवून घेतली." त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "मी तिला शपथ घातली व्हती. म्हणून ती बोलंना. तुला शिक्षा करायची तर मला कर. मी ऱ्हाते खोलीवर."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो चटणी वाढून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ज्या माणसाला काही नवीन कळलं आहे त्याचा तो चेहरा नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय? आईचं? हो." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुला माहीत नव्हतं?"

"तुम्ही कधी सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? मला वाटलं, तीन वर्षं एका घरात आहात, माहितीच असेल."

माझ्या घरी एक फाइल आहे, लग्नाची. त्यात त्यांच्याकडून आलेला बायोडेटा आहे. त्यात टाइप केलेलं आहे: मातोश्रींचे शिक्षण, चौथी. मी ते तिथेच म्हटलं, टेबलावर, एखाद्या मुलाच्या हॉलतिकिटावरची चूक दाखवावी तसं.

"ते माझ्या मामानी टाकलं होतं," नवरा म्हणाला. "तू ग्रॅज्युएट ना. तुमच्याकडे बरं दिसावं म्हणून."

"मला नगं व्हतं ते," सासूबाई म्हणाल्या. "पर एकदा लिहिलं की लिहिलं. मग ते ठिवावं लागतं."

मग मुलगा म्हणाला, अगदी सहज, दूध पिता पिता, "आजीनी कार्ड काढलंच नव्हतं काल. पाऊच उघडताच येत नव्हता मला. आजी म्हणाली, नगं, मला वाट माहितीय."

मी विचारलं, कशी माहीत होती. प्रश्न मी सासूबाईंना विचारला, पण आवाज माझा ऑफिसातला होता, चौकशीचा. तरी त्यांनी उत्तर दिलं. सकाळी जाताना जांभळ्या पट्टीच्या गाडीत बसलो होतो. दार दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा उतरलो. म्हणजे समोरच्या बाजूची गाडी धरायची आणि तिसऱ्या दाराला उतरायचं. वर आलं की मोगऱ्याच्या गजऱ्याचं दुकान, तिथून उजव्या हाताला, पिवळ्या खिडक्यांच्या घरापाशी वळायचं. चार भाषांतल्या पाट्या त्यांना सारख्याच होत्या.

"मेंढरं घेऊन हिंडायचो तवा माळावर कोन पाट्या लावल्या व्हत्या?" त्या म्हणाल्या. "आन थांबाचं म्हनशील तर, आमच्यात रीत अशी, कुनाची ताटातूट झाली तर व्हतं तिथं बसून नाय ऱ्हायचं. मागच्या मुक्कामाला जायचं. सारे तिथंच येत्यात. तुमीबी आलेच ना."

आम्ही आलो होतो.

मी पाचही वह्या उचलल्या. नवऱ्याने दोन्ही मुलांना आणि आईला पक्ष्यांच्या बागेत नेलं. मी डोकं दुखतंय म्हणाले आणि खोलीवर गेले. शिक्षा मुलीला दिली होती, ती मी भोगली असं म्हणायला छान वाटतं, पण तसं काही नव्हतं. मला त्यांच्याबरोबर चालता आलं नसतं, एवढंच.

खोलीवर मी पलंगावर बसले आणि डोक्यात यादी सुरू झाली, ती थांबवता येईना. लग्नपत्रिका आली की "तूच वाच गं, तुझा आवाज चांगला." चष्मा नेहमी आतल्या खोलीत. देवळात पोथी मांडीवर, आणि शेजारणीने पान उलटलं की यांचंही पान उलटायचं. दोन वर्षांपूर्वी मेडिकलवाल्याने त्याच गोळीचं दुसऱ्या रंगाचं पाकीट दिलं, तेव्हा आठ दिवस त्यांनी गोळी घेतली नव्हती. मी त्यांना म्हणाले होते, "वर नाव लिहिलंय ना आई, तेवढंही बघितलं नाही?" तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "व्हय, चुकलंच."

आणि फ्रिजवरची चिठ्ठी. मुलगी शाळेच्या व्हॅनची वाट बघत दहा मिनिटं स्वयंपाकघरात आजीपाशी असते. मी तेव्हा पार्किंगमध्ये गाडी काढत असते. त्या दहा मिनिटांत ती चिठ्ठी एकदा वाचायची. एकदाच. सासूबाई ती संध्याकाळपर्यंत डोक्यात ठेवायच्या, तेरा-चौदा कामं, वेळांसकट. तीन वर्षं. मी ऑफिसात कौतुक सांगायचे ते माझ्या कागदाचं. मुलगी पहिलीत असताना बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं, हिचं वाचन वर्गात सगळ्यात पुढे आहे, घरी काय करता? मी म्हणाले होते, फ्लॅशकार्डं. दीडशे कार्डं केली होती मी, रंगीत.

मग हाताला काम हवं म्हणून मी वह्या काढल्या. मुलाची आदल्या दिवशीची पानं तपासायची राहिली होती असं मला वाटत होतं. राहिली नव्हती. चुकल्याच्या दिवशी संध्याकाळीच, फोनवर बोलता बोलता, मी त्यावर हिरवी बरोबरची खूण केली होती. रस्त्याचा नकाशा त्याने सुरेख काढला होता, तीन दारं, गजऱ्याचं दुकान, पिवळ्या खिडक्या. शेजारच्या पानावर, आज विचारलेला एक प्रश्न, या ओळीखाली त्याच्या वाकड्या मोठ्या अक्षरांत होतं: आजी तू कार्ड का वाचत नाहीस.

त्याखाली माझी खूण. तिच्याशेजारी माझ्याच अक्षरात, छान.

संध्याकाळी सगळे परत आले. मुलगी पक्ष्यांबद्दल आजीशी बोलत होती. मी आत आले की आवाज कमी करायची. मी तिला एकटीला गाठून विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस," ती म्हणाली. "तू म्हणालीस कॉपी का केली."

"शपथ होती म्हणून गप्प बसलीस?"

"आजी म्हणाली होती, तुझ्या मम्मीला कळलं तर ती मला बिचारी म्हणल." मग तिने विचारलं, "म्हणणार आहेस का?"

मी नाही म्हणाले. तिने माझ्याकडे असं बघितलं की हे तपासून बघायला लागेल.

उरलेले दोन दिवस आम्ही फिरलो. वह्या मी मागितल्या नाहीत. मुलगा मात्र त्याची लिहीत राहिला. रस्ता आता सासूबाई सांगायच्या आणि मुलं पाट्या वाचून तो बरोबर आहे का बघायची. एकदा मुलं चुकली. परतीच्या विमानात मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी तक्ता आखला: आठ आठवडे, रोज तीन अक्षरं, रविवारी उजळणी. नवऱ्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे नको करूस." मी केलं. घरी आल्यावर सासूबाईंपुढे ठेवलं.

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, उभ्या-आडव्या रेघांवरून बोट फिरवलं. "रेघा लई सरळ मारल्यास," म्हणाल्या, आणि परत दिला. "हे तुझं काम झालं गं. माझं नाय. मला शिकायचं असंल तवा मी पोरीला सांगीन. तिला सांगितलंय की नाय, ते नको इचारू."

मी विचारलं नाही.

सुट्टी संपली, मी ऑफिसला जाऊ लागले. चिठ्ठी लावली नाही. कशी लावणार? कामं तोंडी सांगून निघायचे. सासूबाई मान हलवायच्या. पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी येऊन गेलं आणि पिंप कोरडं. मी आल्यावर त्या म्हणाल्या, "तू सांगितलंच नाय." खरंच सांगितलं नव्हतं. मीच विसरले होते.

त्याच संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी भाकरी करत होते.

"चिठ्ठी का नाय लावत?"

"आता सांगते ना तोंडी. बरं पडतं."

"कुनाला बरं पडतं?" त्या म्हणाल्या. "शेजारीण काल इचारत व्हती, फ्रिज रिकामा कसा तुमचा? मी काय सांगू? तू लावत जा बाई. पहिल्यावानी. मला कोनी निराळं वागवलेलं नगं. आन तू तोंडी सांगितलंस तर पोरगी सकाळची माझ्यापाशी काय करायला बसंल?"

"आई, पण..."

"भाकरी करपतीय," त्या म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन टीव्ही लावला.

म्हणजे काम एवढंच आहे. रोज करत होते तेच. एक चौकोनी कागद, वर तारीख, खाली आकडे, चुंबक लावून फ्रिजवर. आज तिसरी संध्याकाळ आहे, मी कागद घेऊन बसते. शाळा सुरू झाली आहे. उद्या पाणी येणार आहे. गवारीची भाजी आहे, मुलाची रिक्षा आता साडेबाराला. हे सगळं मला पाठ आहे.

अडतंय ते वेगळ्याच गोष्टीपाशी. इतकी वर्षं मी ही चिठ्ठी सासूबाईंना लिहिते आहे असं समजत होते. ती वाचणारी माझी मुलगी होती. मी जे लिहीन ते उद्या सकाळी ती मोठ्याने वाचणार, आजीच्या शेजारी उभी राहून, सगळ्या विरामांसकट, तिची ती सवय आहे. त्या टेबलावर सगळ्यांसमोर मी तिला काय काय म्हणाले ते मी अजून मागे घेतलेलं नाही. तोंडाने घ्यायला गेले की ती "हं" म्हणते आणि दप्तर भरायला लागते. तेव्हा ते इथंच लिहावं, पहिल्या ओळीत, पाण्याच्या आणि गवारीच्या आधी, असं मी ठरवलंय. ती वाचेल तेव्हा दोघींनाही एकदम कळेल. पण ती वाचताना अडखळली तर? आणि तिने मध्येच कागद काढून घेऊन आजीला नुसती भाजी सांगितली तर?

तारीख टाकून झाली आहे. खाली एकचा आकडा, त्यापुढे टिंब. चिठ्ठी अजून लिहायची आहे.